टोनर बदलण्याआधी दोन मिनिटं हे वाचा
(कलर लेझर प्रिंटर वापरणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे दुरुस्तीला येणारी बरीच मशिन छापताना बिघडलेली नसतात, कार्ट्रिज (टोनर म्हणजे छपाईची पूड भरलेली डबी) बदलताना घाईत बिघडवलेली असतात. म्हणून हा कागद मशिनशेजारीच चिकटवून ठेवा.

कलर मशिनमध्ये चार टोनर असतात: काळा, सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळा. एक संपला म्हणून चारही बदलू नका, उगाच खर्च. शिवजयंतीच्या पत्रकावरचा भगवा गुलाबी दिसायला लागला की पिवळा संपत आला समजा, कारण भगवा होतो तो पिवळा आणि मॅजेंटा मिळून. मशिनवर ‘टोनर लो’ दिसलं म्हणजे टोनर संपला असं नव्हे. नवी कार्ट्रिज आणून ठेवा, पण प्रिंट फिकी पडेपर्यंत जुनीच चालू द्या.

छपाई थांबल्यावरच झाकण उघडा. आत फ्यूजर असतो. तोच टोनर वितळवून कागदावर बसवतो, त्यामुळे तो चांगलाच तापलेला असतो. गरम असल्याचं स्टिकर दिसेल तिथे हात लावू नका. कागद तिथेच अडकला असेल, तर मशिन बंद करून अर्धा तास थांबा.

खाली जुना पेपर अंथरा. जुनी कार्ट्रिज हँडल धरून सरळ, सावकाश ओढा आणि लगेच पिशवीत घाला. नवीचं पॅकिंग अगदी शेवटच्या क्षणी फोडा. खोक्यावर तसं चित्र असेल, तर आडवी धरून पाच-सहा वेळा हलकेच डावी-उजवीकडे हलवा. उभी धरून सरबताच्या बाटलीसारखी घुसळू नका! सील (कार्ट्रिजवरची प्लॅस्टिकची पट्टी) सरळ रेषेत ओढा, तिरकं ओढलं की तुटतं आणि अर्धं आतच राहतं. चकचकीत ड्रमला (आतल्या गोल रुळाला) बोट लावायचं नाही, तो उजेडात उघडाही ठेवायचा नाही. बोटाचा ठसा मग पानापानावर उमटतो. कार्ट्रिजच्या लेबलचा रंग आणि खाचेचा रंग जुळवा. बसत नसेल तर जोर लावू नका, बहुतेक वेळा खाच चुकलेली असते किंवा एखादं प्लॅस्टिक काढायचं राहिलेलं असतं.

आता सांडलं तर काय? टोनर म्हणजे रंगवलेल्या प्लॅस्टिकची अतिबारीक पूड. आधी पंखा बंद करा. तोंडाने फुंकू नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको: पूड त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडते, शिवाय ठिणगीने पेट घेण्याचा धोका असतो. थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. हात, कपडेही थंड पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने पूड मऊ होऊन चिकटते. आमच्याच दुकानातल्या पोराने पहिल्याच आठवड्यात मॅजेंटा सांडलेला शर्ट गरम पाण्यात भिजवला. तो शर्ट आता आमचं मशिन पुसायचं फडकं आहे. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात एक वेगळीच तक्रार येते: ‘नवा टोनर घातला तरी प्रिंट डागाळतेय.’ आधी ट्रेमधला कागद बदलून बघा. आपल्याकडच्या जुलैत उघडा रिम चार दिवसांत सर्द होतो.

रिकामी कार्ट्रिज जाळू नका, भंगारातही देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार ती ई-कचऱ्यात मोडते. नव्याच्या खोक्यात घालून आमच्याकडे आणा, पुढे पाठवायचं आम्ही बघतो. येताना मशिनचा मॉडेल नंबर तेवढा मोबाईलवर टिपून आणा. ‘तो पांढरा, मोठा प्रिंटर’ एवढ्यावरून टोनर ओळखता येत नाही.