चिनूकचे दोन रोटर एकमेकांचे पर्याय नाहीत

‘चिनूक हेलिकॉप्टरला दोन रोटर असतात आणि प्रत्येकाचे इंजिन वेगळे, म्हणून एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या जोरावर ते उतरते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. दोन रोटर, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांचे दोन संच, आणि दोन इंजिने पाहिल्यावर असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु प्रत्यक्ष रचना वेगळी आहे.

दोन्ही इंजिने शेपटीकडच्या उंच भागाच्या दोन बाजूंना असतात. त्यांची शक्ती आधी एका सामाईक गिअरबॉक्समध्ये एकत्र येते आणि तेथून शाफ्टद्वारे, म्हणजे फिरत्या दांड्यांद्वारे, पुढच्या व मागच्या रोटरकडे जाते. त्यामुळे एक इंजिन बंद पडले तरी उरलेले इंजिन दोन्ही रोटर फिरवते. मात्र एका रोटरचीच जोडणी तुटली, तर दुसरा हेलिकॉप्टर सावरू शकत नाही.

याची पडताळणी कोणालाही करता येते. प्रत्येक रोटरचा व्यास सुमारे 18.3 मीटर आणि दोन्ही केंद्रांमधले अंतर सुमारे 11.9 मीटर; म्हणजे पात्यांची वर्तुळे एकमेकांत शिरतात. ती स्वतंत्रपणे फिरली असती, तर पाती एकमेकांवर आदळली असती. छायाचित्रात छतावर दिसणारे लांबट आवरण दोन्ही रोटर जोडणाऱ्या शाफ्टचे आहे.

एका रोटरची जोडणी तुटली तर दुसरा वाचवू शकत नाही, म्हणूनच सुट्या भागांच्या बाबतीत इतकी कडक शिस्त पाळली जाते. आयुर्मर्यादा ठरवून दिलेला भाग वरकरणी धडधाकट दिसला, तरी ठरलेले उड्डाणतास भरताच बदलावा लागतो. गिअरबॉक्सच्या तेलातील धातूचा चुरा टिपण्यासाठी त्यात चुंबकीय शोधक बसवलेले असतात.