डुकराच्या पिल्लांच्या खाद्यातलं झिंक-तांबं: युरोपच्या मंजुरीचा अर्ज कुठे अडतो

खर्चाला हात घालण्याआधी युरोपियन युनियनची फीड ॲडिटिव्हची, म्हणजे पशुखाद्यात मिसळायच्या मंजूर पदार्थांची, नोंदवही उघडून बघा. आपल्याकडे झिंक सल्फेट किंवा ग्लायसिन चिलेट (ग्लायसिन या अमिनो आम्लाशी बांधलेलं झिंक) बनवणारे बरेच जण हे न करताच सल्लागाराला ॲडव्हान्स देऊन बसतात. फीड ॲडिटिव्हच्या युरोपियन नियम १८३१/२००३ प्रमाणे झिंक, तांबं, लोह, मँगनीज यांची संयुगं पोषक गटात येतात. या गटातली मंजुरी सहसा कंपनीच्या नावावर नसते, पदार्थाच्या नावावर असते. झिंक ऑक्साईडचा क्रमांक ३बी६०३. तुमच्या पावडरीत किमान ७२ टक्के झिंक असेल आणि शुद्धतेचे बाकीचे निकष जुळत असतील, तर मंजुरीसाठी नवा अर्ज लागतच नाही. नवं चिलेट, नवा क्षार असेल तरच पुढचा सगळा खटाटोप.

दुसरी अडचण माहितीपत्रकातच असते. "दूध तोडल्यावर पिल्लांना होणारी हगवण थांबते" असं एक वाक्य लिहिलंत की तुमचा माल खाद्यात राहत नाही, औषध ठरतो. पूर्वी दूध तुटल्यावर चौदा दिवस, खाद्याच्या किलोमागे २,५०० मिलिग्रॅम झिंक, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर दिलं जायचं. ते शेणातून शेतात उतरतं, मातीत साठतं, आणि जंतूंमधला औषध-प्रतिकार वाढवण्याचीही भीती. म्हणून २०१७ मध्ये ही औषधं मागे घ्यायचं ठरलं आणि जून २०२२ मध्ये ती बंद झाली. तेव्हापासून त्याच दाव्याचा माल खाद्याच्या दारातून आत आणायचा प्रयत्न होतो आणि तिथेच फाईल परत येते. "वजन वाढतं" असं लिहिलंत तर माल पोषक गटातून वाढ-उत्पादन सुधारणाऱ्या पदार्थांच्या गटात जातो, आणि दूध तुटलेल्या पिल्लांवर किमान ४२ दिवसांचे तीन प्रयोग दाखवावे लागतात. तुमचं संयुग झिंकचा स्रोत आहे ना? मग तेवढंच लिहा. पोषक गटात झिंक अंगी लागतं हे दाखवणारा एखादा नेटका अभ्यास पुरतो.

आकडेही उलटे वाचले जातात. पिल्लांसाठी झिंकची मर्यादा किलोमागे १५० मिलिग्रॅम. ही एकूण मर्यादा आहे, १२ टक्के ओलावा धरलेल्या पूर्ण खाद्यातली. मका, गहू, सोयापेंड यांच्यात स्वतःचं झिंक असतंच. समजा ते ३५ आहे आणि तुम्ही वरून १५० घातलंत, तर १८५ झाले. मी पाहिलेल्या एका फॉर्म्युला शीटवर "धान्यातील झिंक" हा रकानाच नव्हता. प्रयोग संपल्यावर ते लक्षात आलं आणि सगळं नव्याने करावं लागलं. तांब्याचं गणित आठवड्यांवर चालतं: दूध पिणारी पिल्लं आणि दूध तुटल्यापासून चार आठवड्यांपर्यंतची, यांना १५०, पाचव्या ते आठव्या आठवड्यात १००, पुढे डुकरांना २५. आठवडे जन्मापासून मोजू नका.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी अट मात्र वेगळी. २७ मार्च २०२१ पासून अर्जासाठी केलेला प्रत्येक अभ्यास सुरू होण्याआधी युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे एफ्साकडे, नोंदवावा लागतो: शीर्षक, व्याप्ती, प्रयोगशाळा, सुरुवातीची आणि शेवटाची नियोजित तारीख. पटण्याजोगं कारण नसताना आधी नोंद केली नसेल, तर अर्ज वैध धरला जात नाही. नंतर नोंद करून पुन्हा दिलात तर वैधतेची तपासणी सहा महिन्यांनी सुरू होते. "अहवाल तर चांगला आलाय" हे तिथे चालत नाही. उलट, नोंदवलेला अभ्यास निकाल वाईट आला म्हणून गाळता येत नाही. प्रयोगाच्या खर्चावर सही करण्याआधी नोंदीचा क्रमांक हातात असू द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

तसंच प्रतिनिधीचं. अर्जदार किंवा त्याचा प्रतिनिधी युरोपियन युनियनमध्ये स्थापित हवा. लंडनचा पत्ता आता चालत नाही. ब्रेक्झिटनंतर ग्रेट ब्रिटनची मंजुरी स्वतंत्र आहे. ज्यांचं जुनं ऑफिस तिथे आहे त्यांना हे उशिरा कळतं, आणि मग घाईत भलत्याच माणसाशी करार होतो.

बाकीचं सरळ आहे: अर्ज ऑनलाईन भरायचा, गुप्त ठेवायचा भाग कारणासकट वेगळा दाखवायचा, नमुने बेल्जियममधल्या गील इथल्या संदर्भ प्रयोगशाळेला पाठवायचे. किमान पाच बॅचचं विश्लेषण जोडायचं, आणि बॅच क्रमांक अभ्यासातल्या मालाशी जुळवून बघायचे. कामगार सुरक्षेच्या प्रकरणात "मास्क देतो" एवढंच लिहून भागत नाही. २५ किलोची गोणी फोडली की बारीक पांढरी धूळ उडते. ती किती उडते आणि कण किती लहान, हे मोजून दाखवावं लागतं.

आता मुदत. एफ्साचं मत सहा महिन्यांत, हे खरं. पण ते सहा महिने अर्ज वैध ठरल्यापासून मोजतात, आणि जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं. त्यानंतर युरोपियन आयोगाला मंजुरीच्या नियमाचा मसुदा मांडायला तीन महिने. त्यामुळे सहा महिन्यांत माल बोटीवर, असं ग्राहकाला लिहून देऊ नका. मंजुरी दहा वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या किमान एक वर्ष आधी पोचला पाहिजे, म्हणजे लागणारे अभ्यास त्याच्याही बरेच आधी नोंदवलेले असायला हवेत.