पायातील रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी कॉम्प्रेशन पंप : घरी नेण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्याकडून कॉम्प्रेशन पंप भाड्याने किंवा विकत नेणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. सोलापूर शहरातून, तसेच अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा या भागांतून शस्त्रक्रियेसाठी येथे आलेल्या रुग्णांना सुटी मिळते, तेव्हा "हे मशीन काही दिवस घरी लावा" एवढे सांगितलेले असते. परंतु ते कसे लावायचे, केव्हा काढायचे आणि कोणत्या परिस्थितीत मुळीच लावायचे नाही, हे निघण्याच्या घाईत अनेकदा विचारायचे राहून जाते.

पायांतील रक्त हृदयाकडे वर चढते, ते प्रामुख्याने पोटरीच्या स्नायूंमुळे. आपण चालताना हे स्नायू आवळतात, त्यांच्यामधील खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन, पक्षाघात, मोठा अपघात किंवा दीर्घ आजार यांमुळे माणूस अंथरुणाला खिळला की ही हालचाल थांबते आणि झडपांच्या मागील खोबणींत रक्त साचून राहते. रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी गुठळीची तीन कारणे आजही शिकवली जातात : रक्ताचा संथ झालेला प्रवाह, रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. मोठ्या ऑपरेशननंतर ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर असू शकतात. खोल शिरेत झालेल्या अशा गुठळीला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकला, तर जिवावर बेतते.

पंप पोटरीच्या स्नायूंचे काम बाहेरून करतो. पायाभोवती गुंडाळलेल्या पट्ट्यात, म्हणजे स्लीव्हमध्ये, हवा भरली जाते, काही सेकंद दाब राहतो, हवा सुटते आणि शिरा पुन्हा भरण्यासाठी मध्ये विश्रांती मिळते. पोटरीच्या अनेक यंत्रांत दाब पाऱ्याच्या साधारण 40 ते 50 मिलिमीटरइतका असतो आणि एक फेरी सुमारे एका मिनिटात पूर्ण होते. फक्त तळपायाला लावायच्या पंपाचा दाब याहून बराच जास्त, पण क्षणभराचा असतो. म्हणून एका यंत्राचा पट्टा दुसऱ्या यंत्राला जोडू नये आणि दाबाचे बटण स्वतःच्या अंदाजाने फिरवू नये. जास्त दाब दिल्याने लवकर गुण येतो, असे नाही.

पंपाकडून किती अपेक्षा ठेवावी

ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर स्वतः चालू न शकणाऱ्या 2876 रुग्णांवर झालेल्या क्लॉट्स-3 या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. गुडघ्यामागील किंवा मांडीतील मोठ्या शिरेत गुठळी होण्याचे प्रमाण पंप न लावलेल्या गटात 12.1 टक्के, तर पंप लावलेल्या गटात 8.5 टक्के आढळले. धोका कमी झाला, पण संपला नाही. याउलट, अतिदक्षता विभागातील ज्या रुग्णांना गुठळी टाळण्याचे औषध आधीच चालू होते, त्यांच्याबाबत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, औषधाच्या जोडीला पंप लावल्याने विशेष फरक पडलेला दिसला नाही. म्हणून डॉक्टरांनी केवळ इंजेक्शन किंवा गोळी पुरेशी आहे असे सांगितले असेल, तर "मशीनही असू द्या" असा आग्रह कृपया धरू नये. त्यासाठी आमच्याकडे खर्च करण्याची आवश्यकता नाही. पंपाचा खरा उपयोग रक्तस्रावाच्या भीतीमुळे रक्त पातळ करणारे औषध देता येत नाही तेव्हा, किंवा डॉक्टरांनी दोन्ही उपाय विचारपूर्वक एकत्र सांगितले असतील तेव्हा होतो. औषध लिहून दिलेले असताना पंप आहे म्हणून ते परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

चिठ्ठीशिवाय पंप का देत नाही

पायात गुठळी आधीच झालेली असेल किंवा तशी शंका असेल, तर त्या पायावर पंप लावू नये, कारण दाबामुळे गुठळी सुटून पुढे जाण्याची भीती असते. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम किंवा लालसर झाली, तर पंप बंद करून डॉक्टरांना दाखवावे. डॉपलर सोनोग्राफीने निदान होते. आपल्याकडे अशा वेळी घरातील कोणीतरी मायेने तेल गरम करून पाय चोळायला बसते. कृपया असे करू नये, सुजलेली पोटरी चोळूही नये आणि रगडूही नये. अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही झाल्यास आम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा फार कमी असणे, हृदयाचा गंभीर विकार असून फुप्फुसात पाणी होणे, पायावर उघडी जखम, पू, गँगरीन किंवा नुकतेच बसवलेले त्वचारोपण असणे, या अवस्थांतही पंप चालत नाही. मधुमेह जुना असेल तर विशेष काळजी घ्यावी, कारण बधिर पायाला पट्टा रुतलेला कळत नाही. चिठ्ठी देताना डॉक्टरांनी पायाची नाडी आणि संवेदना तपासली आहे ना, हे आपण त्यांना अवश्य विचारावे.

आणखी एक खुलासा आवश्यक वाटतो. सोलापूर जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही, आणि त्या सुजेसाठीही हवेचे पंप वापरतात. मात्र ते अनेक कप्प्यांचे असतात आणि ठरावीक वेळ लावून काढून ठेवले जातात. गुठळी टाळण्याचे यंत्र वेगळे आहे. जाहिरातीत दिसणारे पाय दाबण्याचे मसाजर तर दोन्ही कामांसाठी नाहीत.

लावताना आणि वापरताना

पट्ट्याचे माप पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर टेपने मोजून ठरते, म्हणून रुग्ण दुकानात येऊ शकत नसला तरी हे माप अवश्य आणावे. पाय कोरडा करून त्यावर सुरकुती न पडणारा पातळ सुती मोजा घालावा, मग पट्टा गुंडाळावा. वेल्क्रो बंद केल्यावर पट्टा आणि पाय यांच्यामध्ये दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. नळ्या पायाच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला ठेवाव्यात. त्या पायाखाली आल्या की रात्रभरात कातडीवर वळ उठतो. अंगावर जाड सोलापुरी चादर असेल तर तिच्याखाली नळी मुडपली नाही ना, हे पाहावे. यंत्र सारखा अलार्म देत असेल तर बहुधा हेच कारण असते.

पंप चालू असेल तेवढाच वेळ त्याचा उपयोग होतो. दिवसा तासभर लावून काढून ठेवणे हा उपचार नव्हे. रुग्णालयांत दिवसातून किमान 18 तासांचे उद्दिष्ट सांगितले जाते, आणि आपल्या रुग्णासाठी किती तास व किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. आवाजाने झोपमोड होते म्हणून रात्री पंप बंद करण्याकडे अनेकांचा कल असतो, परंतु पाय सर्वाधिक वेळ निश्चल राहतात ते रात्रीच. यंत्र जमिनीवर न ठेवता पलंगाच्या पायथ्याला हुकाने अडकवले, तर आवाज पुष्कळ कमी होतो. लाईट जाण्याची शक्यता असल्यास बॅटरीचे मॉडेल मागावे किंवा यंत्र इन्व्हर्टरवर घ्यावे. पंप बराच वेळ बंद राहिला असेल, तर पाय पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावा.

पट्टे दिवसातून किमान दोनदा काढून टाच, घोटा आणि नडगी उजेडात नीट पाहावी. वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात पंप लावलेल्यांपैकी 3 टक्के रुग्णांच्या त्वचेला इजा झाली होती, न लावलेल्यांत हे प्रमाण 1 टक्का होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा पट्ट्याखाली घाम साचून कातडी लवकर ओलसर व नाजूक होते. त्या दिवसांत सुती मोजा रोज बदलावा आणि भरमसाट पावडर टाकणे टाळावे.

शौचाला किंवा फिरायला उठण्यापूर्वी नळ्या सोडवून पट्टे पूर्ण काढावेत. ऑपरेशन झालेला माणूस नळीत पाय अडकून पडला, तर नवेच दुखणे ओढवते. फिजिओथेरपिस्टने चालायला सांगितले असेल तर पंपासाठी चालणे टाळू नये, आणि पडून असतानाही परवानगी असल्यास घोटे वर-खाली हलवत राहावे.

पट्टे एकाच रुग्णासाठी असतात. ते शेजारच्या घरी वापरायला देऊ नयेत आणि आम्हीही ते परत घेत नाही. भाड्याचे यंत्र परत करताना वायर आणि दोन्ही नळ्या सोबत आणाव्यात, म्हणजे यंत्र आपल्यासमोर चालवून पाहता येईल आणि अनामत रक्कम लगेच परत देता येईल. चिठ्ठीवरील मुदत संपूनही रुग्ण चालू लागला नसेल, तर भाडे वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी आणावी.