गुप्तचर यंत्रणा सुधारणे वेगळे, तिच्यावर देखरेख ठेवणे वेगळे

फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स आणि शस्त्रे उतरली. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ रायफली. ती ओमानच्या बाजूला खलाशांना सोडावी लागलेली, वाहत आलेली बोट निघाली. घातपाताचा संबंध आढळला नाही.

असे काही झाले की गुप्तचर यंत्रणा सुधारा, अशी एकच मागणी आपण करतो. या दोन घटनांचे प्रश्न मात्र निराळे आहेत. हत्यारे असलेली बोट किनाऱ्याला टेकेपर्यंत कळले का नाही, हा हरिहरेश्वरचा प्रश्न. शेखाडीला ज्यांनी पाहायचे त्यांच्यातलेच काही फितूर झाले होते. कस्टम्स आणि पोलिसांतली माणसे पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरली. ती गुप्तचर खात्यातली नव्हती, पण पाहणाऱ्यावर कोणी पाहायचे हा प्रश्न तिथेही तोच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुधारणेत आहे, दुसऱ्याचे देखरेखीत.

सुधारणा आपल्याकडे बरीच झाली. कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये शिफारशी केल्या; त्यातून संरक्षण दलांची एकत्रित गुप्तचर संस्था उभी राहिली आणि एनटीआरओ ही तांत्रिक माहितीची संस्थाही आली. २६/११ नंतर दहशतवादाचा तपास करणारी एनआयए स्थापन झाली, वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र आणणारे केंद्र बळकट केले गेले. किनाऱ्यावर तर हे डोळ्यांना दिसते: सागरी पोलीस ठाणी, तटरक्षक दलाची रडार, मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रे, ‘सागर कवच’चे सराव. अनोळखी बोट दिसली तर १०९३ वर कळवा, हे बंदरावरच्या माणसाला सांगितलेले असते. हे सगळे हवेच होते.

पण मच्छीमार सोसायटीत अध्यक्षाने नवा बर्फाचा कारखाना उभारला म्हणून कोणी लेखापरीक्षण बंद करत नाही. कारखाना चांगला चालणे आणि वह्या बाहेरच्या माणसाने तपासणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उलट कारभार वाढला की तपासणीची गरजही वाढते.

अमेरिकेत हा फरक स्वच्छ दिसतो. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने एफबीआय आणि सीआयएची झडती घेतली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एफबीआयने ठेवलेली पाळत त्यात उघड झाली. पुढच्याच वर्षी सिनेटची कायमची गुप्तचर समिती आली, १९७८ मध्ये पाळतीच्या परवानगीसाठी खास न्यायालय. ही देखरेख. २००१ च्या हल्ल्यानंतर २००४ मध्ये सगळ्या संस्थांवर एका राष्ट्रीय संचालकाचे पद कायद्याने निर्माण केले, ती सुधारणा. दोन्हींची कारणे वेगळी होती: एकदा यंत्रणेने नको तिथे पाहिले होते, दुसऱ्यांदा हवे तिथे पाहिले नव्हते.

भारतात देखरेखीची बाजू जवळजवळ रिकामी आहे, आणि मला हे गंभीर वाटते. देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या आयबीची मुळे १८८७ पर्यंत जातात, परदेशातली पाहणारी रॉ १९६८ ची. पण या संस्थांनी काय करावे आणि काय करू नये हे सांगणारा संसदेचा कायदा नाही. १९८५ चा कायदा आहे तो त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्यासारख्या हक्कांवर मर्यादा घालणारा. माहिती अधिकार कायद्यातून त्या वगळलेल्या आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती वाट ठेवून. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटी घातल्या, पण केंद्रात आदेश गृहसचिव देतात आणि फेरतपासणीही सचिवांचीच समिती करते. बाहेरचा माणूस त्यात नाही, न्यायाधीशही नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये देखरेखीचे खासगी विधेयक आणले, ते मंजूर झाले नाही.

खासदारांना सांगितले तर गुपिते फुटतील, हा नेहमीचा आक्षेप. ब्रिटनने १९९४ मध्ये कायद्याने संसद सदस्यांची समिती नेमली. सदस्य गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले, अहवालातला नाजूक भाग छापण्याआधी वगळला जातो. एमआय५ या तिथल्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेला तर त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, स्वतःचा कायदा मिळाला होता. ती यंत्रणा यामुळे बंद पडली नाही.

इथे सुरुवात तिथूनच व्हावी: आयबी आणि रॉचा एकेक कायदा, त्यात कामाच्या सीमा लिहिलेल्या. समिती त्यानंतर. सीमाच लिहिलेल्या नसतील तर समितीने ओलांडलेले काय मोजायचे? बंदरावर बोटांचे ठसे देणाऱ्या खलाशाला आज एवढेच सांगता येते की ही माहिती सुरक्षेसाठी आहे. ती कोण, किती काळ आणि कशासाठी वापरू शकतो हे त्याला कायदा दाखवून सांगता आले पाहिजे.