पुण्यातील विद्यापीठ-परिसर आणि पर्यावरण : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

पुण्यातील बहुतेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आज हरित लेखापरीक्षण, म्हणजे आवाराच्या पर्यावरणविषयक कामगिरीची तपासणी, होते, छतावर सौरपटल दिसतात, ओल्या कचऱ्याचे खत केले जाते आणि जून-जुलैत वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरलेला असतो. या सगळ्याची सुरुवात महाविद्यालयांच्या शासकीय मूल्यांकनाच्या निकषांपासून झाली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यामागचा इतिहास बराच जुना आहे आणि त्याचा मोठा भाग ‘हरित परिसर’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीच घडून गेला आहे. हिरव्या जमिनीचा वारसा, त्या जमिनीचा अभ्यास करण्याची वनस्पतिशास्त्रीय परंपरा आणि कचऱ्याकडे श्रमाच्या अंगाने पाहणारी चळवळ अशा तीन धाग्यांतून तो विणला गेला. मूल्यांकनाचा चौथा धागा त्यात सर्वांत शेवटी आला.

जमिनीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार मुळात शिक्षणासाठी राखलेले नव्हते. मुंबईच्या गव्हर्नरने पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करण्याची प्रथा होती. त्यासाठी सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये येथे राजभवनाचे बांधकाम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीच्या काळातला हा खर्चिक प्रकल्प होता. वाड्याभोवती बागा, रस्त्यांच्या कडेने झाडे आणि मधे मोकळी माळराने राखली गेली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ही मालमत्ता नव्या विद्यापीठाला दिली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्यासारखे पहिले कुलगुरू लाभले आणि त्याबरोबर ४११ एकरांचे, बऱ्यापैकी झाडी असलेले आवारही मिळाले. आज शहराच्या मध्यावर एवढा सलग भूखंड उरला आहे, त्याचे बरेचसे श्रेय या हस्तांतरणाला द्यावे लागते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाची शेते आणि फर्ग्युसन महाविद्यालयाला लागून असलेली टेकडी यांचीही गोष्ट थोडीफार अशीच आहे. कोणी पर्यावरणाचा विचार करून या जागा राखल्या नव्हत्या, पण संस्थांच्या ताब्यात असल्यामुळे त्या टिकल्या.

दुसरा धागा अभ्यासाचा आहे आणि पुण्याने त्याचा आजच्यापेक्षा अधिक अभिमान बाळगायला हवा. पश्चिम भारतातील वनस्पतींची ओळख पटवताना आजही ज्या ग्रंथाकडे जावे लागते, तो मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक थिओडोर कुक हे पुण्याच्या त्या वेळच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, दीर्घकाळ प्राचार्य होते. त्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. मार्शल वुड्रो हे गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक होते. हे उद्यान १८७३ मध्ये सुरू झाले आणि तेथे आंब्याच्या जातींचा संग्रह उभा राहिला. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पिंपळे सौदागर या गावाच्या जमिनीचा, विहिरींचा आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचा बारकाईने अभ्यास केला. त्या गावाच्या शेतांवर आता उंच इमारती आहेत, म्हणून ती नोंद अधिकच मोलाची वाटते.

१९४६ मध्ये शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. याच संस्थेतील वा. द. वर्तक यांनी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यासह १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. गावाने देवाच्या नावाने राखलेले रान म्हणजे जैवविविधतेचे भांडार असते, ही गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडण्याचे काम त्यातून झाले. गाडगीळ हे स्वतः फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. महाविद्यालयांच्या आवारांतील झाडांची मोजणी, पक्ष्यांच्या याद्या, फुलपाखरांच्या नोंदी असे आज जे उपक्रम चालतात, त्यांना ही पार्श्वभूमी आहे.

या अभ्यासाचा आणि प्रत्यक्ष लागवडीचा मेळ मात्र अनेक वर्षे बसला नाही. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थी हातात कुदळ घेऊन शिबिरांना जाऊ लागले. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ या संस्थेने रुजवलेले सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेले बंधारे कित्येक शिबिरांत बांधले गेले. मात्र सामाजिक वनीकरणाच्या, म्हणजे गावठाण आणि पडीक जमिनींवर झाडे लावण्याच्या सरकारी योजनेच्या, काळात पुण्याच्या टेकड्यांवर आणि त्यांना लागून असलेल्या संस्थांच्या जमिनींवर जी लागवड झाली, तिच्यात ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ यांचा भरणा होता. ग्लिरिसिडिया म्हणजे आपली उंदीरमारी. ती लवकर वाढते, गुरे तिला फारसे तोंड लावत नाहीत, कातळावरही ती तग धरते आणि उघडी टेकडी दोन-चार पावसाळ्यांत हिरवी दिसू लागते. वनखात्याच्या दृष्टीने ही सोय होती. परंतु तिच्या दाट सावलीत मूळचे गवत टिकत नाही, गवतावर जगणारे पक्षी आणि कीटक दूर जातात आणि गणेर, सालई, मेडशिंगी, पळस यांसारख्या या टेकड्यांच्या जुन्या रहिवाशांना पुन्हा रुजायला जागा राहत नाही. १९८२ मध्ये प्रकाश गोळे यांनी पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. निसर्गाचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ रोपे लावणे नव्हे, हा विचार तिच्या अभ्यासक्रमांतून अनेक पदवीधरांपर्यंत पोहोचला. एखाद्या आवारात किती रोपे लावली, हा आकडा मला म्हणूनच अपुरा वाटतो. कोणती रोपे लावली, त्यांतली किती जगली आणि त्यांच्यासाठी आधीचे माळरान मोडले का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

पुण्याचे खरे वेगळेपण कचऱ्याच्या प्रश्नात दिसते आणि त्याची एक सुरुवात एका विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात झाली. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातील कार्यकर्त्या साक्षरतेच्या कामासाठी कचरावेचक महिलांच्या वस्त्यांत जात होत्या. अक्षरओळखीपेक्षा या महिलांचा रोजचा प्रश्न निराळा होता. कचराकुंडीत हात घालून, खरकट्यात मिसळलेला कागद आणि काच वेचायची, पोलिसांचा संशय सोसायचा आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा केला, तर सुका माल स्वच्छ मिळेल, कुंडीत वाकावे लागणार नाही आणि उत्पन्नही वाढेल, ही मांडणी या संपर्कातून पुढे आली. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी हे काम पुढे नेले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचकांच्या या संघटनेतूनच पुढे २००८ च्या सुमारास ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कामाला लागली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. वर्गीकरणाची जी सवय आज विद्यार्थ्यांना फलकांवरून शिकवली जाते, ती या शहरात कष्टकरी महिलांच्या हक्काच्या लढ्यातून आली आहे. विद्यापीठांच्या पर्यावरणविषयक अहवालांत हा उल्लेख क्वचितच आढळतो आणि त्याची खंत वाटते.

कोथरूडचा कचरा डेपो बंद झाल्यावर शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या शहराजवळच्या गावांत जाऊ लागला. दुर्गंधी आणि दूषित विहिरींमुळे त्रासलेल्या तेथील ग्रामस्थांनी अनेकदा गाड्या अडवल्या. त्या आंदोलनांनी पुणेकरांना, आणि पर्यायाने मोठ्या संस्थांना, आपला कचरा आपल्याच आवारात जिरवण्याचा विचार करायला भाग पाडले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या कचरानिर्मात्यांवर ही जबाबदारी कायद्यानेच टाकली. वसतिगृहांच्या खानावळींतील खरकट्यासाठी बायोगॅस हा पर्याय पुण्यात आधीपासून तयार होता. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी खरकटे आणि पिष्टमय पदार्थ वापरणारे आटोपशीर संयंत्र विकसित केले होते आणि त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

पालापाचोळ्याचा प्रश्न मात्र अजून बऱ्याच आवारांत रेंगाळतो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ जोरात असते. सफाई करणारे कर्मचारी खराट्याने पाने गोळा करतात आणि जागा मोकळी दिसावी म्हणून ती पेटवली जातात. हीच पाने लोखंडी जाळीच्या गोल कुंपणात थराथराने दाबून, मधूनमधून शेणकाला शिंपडून ओलसर ठेवली, तर काही महिन्यांत काळी, भुसभुशीत खतमाती तयार होते. पुण्याच्या कातळावर मातीचा थर जात्याच पातळ असतो. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडणारा पाऊस या बेसॉल्ट कातळाच्या भेगांपर्यंत पोहोचायचा, तर वर ओल धरणारी माती हवी. पाने जाळल्याने पाणी मुरवण्याचे हे साधनच नाहीसे होते.

अभ्यासक्रमाची बाजू न्यायालयामुळे पुढे सरकली. पर्यावरणविषयक वकील महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. तो कागदावरच राहिल्याने २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी ५० तासिकांचा समान अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. शल्यविशारद असलेल्या भरुचांनी भारती विद्यापीठात १९९३ पासून पर्यावरणशिक्षणाची संस्था घडवली होती, त्यामुळे साऱ्या देशातील पदवीच्या विद्यार्थ्यांनी जे पुस्तक वाचले, ते पुण्यात तयार झाले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला १०० पैकी २५ गुण होते. जिथे शिक्षकांनी मनावर घेतले, तिथे मुले नदीकाठी, टेकडीवर, कचरा डेपोवर गेली. इतरत्र जुने प्रकल्प नव्या वहीत उतरवले गेले.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) २०१७ पासून सुधारलेल्या चौकटीत ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित लेखापरीक्षण यांना सातव्या निकषात स्थान दिले. २०१९ मध्ये अनुदान आयोगाने ‘सतत’ ही शाश्वत परिसरविकासाची चौकटही जाहीर केली. महाराष्ट्रात २०१५ मध्ये छतावरील सौरविजेसाठी नेट मीटरिंगचे, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीच्या जाळ्यात देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचे, नियम आल्याने सौरपटल आर्थिकदृष्ट्याही परवडू लागले होते. निकषांमुळे वीजबिले, पाण्याचे मीटर आणि झाडांच्या नोंदी एका जागी येऊ लागल्या, हा त्यांचा निर्विवाद फायदा आहे. प्रवासाच्या प्रश्नाला मात्र त्यांनी फारसा हात घातला नाही. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या आणि विद्यार्थ्यांनी त्या उत्साहाने वापरल्या, पण ही योजना पुढे टिकली नाही. दुचाक्यांची गर्दी वाढतच राहिली.

आता सर्वाधिक ताण पुन्हा जमिनीवरच आहे. गणेशखिंड रस्त्यावर मेट्रो आणि नव्या उड्डाणपुलाची कामे झाली, त्यांच्या सोबतीने रस्तारुंदीकरण आले आणि जुन्या झाडांवर गदा आली. राज्य शासनाने २०२० मध्ये गणेशखिंड उद्यानाला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले, त्यामुळे कृषी विद्यापीठाकडे असलेल्या त्या सुमारे ३३ हेक्टर क्षेत्राला कायद्याचे कवच मिळाले. जवळच असलेल्या विद्यापीठाच्या ४११ एकरांना असा दर्जा नाही. तेथे नवी इमारत कुठे उभी करायची आणि कुठला माळ मोकळा सोडायचा, हे विद्यापीठाची अधिकार मंडळेच ठरवतात.