सोलापुरी टर्किश टॉवेल आणि भौगोलिक मानांकन : पार्श्वभूमी

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ची. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागावर प्रामुख्याने लुगडी निघत. अंग पुसायला साध्या विणीचा पातळ पंचा पुरे होई. टर्किश टॉवेलची, म्हणजे सुताचे बारीक फासे (लूप) वर काढलेली टेरीची वीण तुर्कस्तानातल्या हातविणीवरून १८५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये यंत्रावर चढली. सोलापुरात ती रुळली स्वातंत्र्यानंतर, लुगड्यांची मागणी घटली आणि यंत्रमाग वाढले तेव्हा.

टेरीला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) लागतात: एक जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या ताण्याचा, घट्ट, दुसरा लूपच्या ताण्याचा, सैल. दोन आडवे धागे विणलेल्या कापडापासून थोडे अलीकडेच थांबवतात. तिसरा टाकल्यावर फणी (आडवे धागे ठोकून बसवणारा मागाचा भाग) तिन्ही एकदम ठोकते आणि सैल ताण्याचे लूप दोन्ही अंगांना उभे राहतात. म्हणून मीटरभर टॉवेलला लूपचे सूत चार-पाच मीटरही जाते. जमिनीचा ताणा ढिला पडला की तोही ठोक्यासरशी सरकतो आणि लूप खालीवर येतात. लूपचे सूत कमी पिळाचे असते. पाणी चटकन शोषते, पण सुरुवातीला तूसही सोडते. सोलापुरात सूत आधी रंगवून मग विणण्याची पद्धत रुजली. त्यामुळे पुढच्या बाजूची नक्षी मागे उलट्या रंगांत दिसते.

भौगोलिक मानांकन म्हणजे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण. त्याचा कायदा १९९९चा, अंमल १५ सप्टेंबर २००३पासून. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल आहेत, आणि त्यावर आक्षेप असा घेता येतो: परंपरा हातमागाची सांगायची, माल मात्र यंत्रमागाचा. कायद्याच्या अंगाने हा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण कारखान्यात तयार झालेल्या वस्तूलाही मानांकन मिळू शकते. गावाशी जोडलेला गुण किंवा लौकिक दाखवावा लागतो. अडचण वेगळीच आहे. संरक्षण मिळते ते नावाला, विणीला नाही. हाच टॉवेल दुसऱ्या गावात विणायला कोणाची आडकाठी नाही. तो ‘सोलापुरी’ म्हणून विकणे तेवढे बेकायदा. बाजारात हा फरक पाळला जातोच असे नाही.

गिऱ्हाइकाला हाताने कळते ते इतकेच: धोट्याच्या (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या नळीच्या) मागावर आडवा धागा वळून परत येतो, म्हणून काठ बंद असतो. रॅपियर मागावर (धोट्याऐवजी पट्टीने वा दांडीने धागा ओढणाऱ्या) तो दर फेरीला कापला जातो, म्हणून काठ दुमडून शिवावा लागतो. त्यावरून माग ओळखता येतो. गावासाठी लेबलवरच विसंबावे लागते.