नोरी आणि हिवाळा

नोरी म्हणजे जपानमधलं खायचं लाल समुद्री शेवाळ, सुशीभोवती कागदासारखा काळपट ताव असतो तेच. हे पीकच थंडीचं. शरदात समुद्राचं पाणी गार व्हायला लागलं की जाळ्यांवर बी धरतं आणि साधारण नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत कापणी चालते, क्युशूजवळचा आरिआके समुद्र त्यासाठी सगळ्यात नावाजलेला. पहिल्या कापणीची नोरी मऊ असते आणि तिच्यात प्रथिनंही पुढच्या कापण्यांपेक्षा जास्त. ताव विस्तवावर धरला की जांभळट काळा रंग जाऊन हिरवा येतो, कारण लाल रंगद्रव्य उष्णतेने मोडतं आणि हरितद्रव्य टिकतं.

जपानच्या ताइहो कायद्यात करापोटी द्यायच्या वस्तूंमध्ये शेवाळं येतात, साल कोणी ७०१ देतं कोणी ७०२, तेव्हा आठव्या शतकाची सुरुवात म्हणणंच बरं. ताव करायची रीत मात्र एदो काळातली, बहुधा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. बी येतं कुठून हे कोडं १९४९ साली ब्रिटिश संशोधक कॅथलीन ड्रू-बेकर यांनी सोडवलं, नोरीच्या जातकुळीतल्या शेवाळाची एक अवस्था शिंपल्यांच्या आत वाढते हे त्यांनी दाखवलं आणि आजची सगळी शेती त्यावर उभी आहे.

आता तब्येतीचं. नोरी खाऊन अंगात ऊब येते असं म्हणतात, पण ऊब खरं तर ती ज्यात घालतात त्या गरम मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपची. थंडीत ऊन कमी म्हणून ड जीवनसत्त्वासाठी नोरी खा असंही सांगतात, तर तिच्यात ते जवळपास नसतंच. खरा वाद बी-१२ चा, आणि आपल्याकडच्या शाकाहारी लोकांनी तो नीट समजून घ्यायलाच हवा. वाळलेल्या नोरीत १०० ग्रॅमला ६० ते ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ मोजलं गेलंय, म्हणजे ३ ग्रॅमच्या एका तावात दोनेक मायक्रोग्रॅम. पण १९९१ सालच्या एका अभ्यासात बी-१२ कमी असलेल्या मुलांना नोरी आणि स्पिरुलिना (पूड-गोळ्यांच्या रूपात विकलं जाणारं निळं-हिरवं शेवाळ) दिली तेव्हा रक्तातला आकडा वाढला आणि तांबड्या पेशींची स्थिती काही सुधारली नाही, १९९९ च्या एका कामात वाळवताना बी-१२ चं निरुपयोगी रूप बनतं असं निघालं, उलट नंतरच्या जपानी संशोधकांना नोरीतलं बरंचसं बी-१२ खरं, म्हणजे शरीराच्या कामाचं आढळलं. हे शेवटचं मत जास्त पटण्यासारखं आहे (स्पिरुलिनातलं मात्र बहुतेक खोटंच), तरी कमतरता असेल तर गोळी सोडून नोरीवर विसंबू नये.

आयोडिन मात्र नक्की मिळतं, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं आणि नोरीचे दोन-तीन ताव त्याला पुरेसे होतात. कोंबू या जाड तपकिरी समुद्री शेवाळाचं तसं नाही, त्याच्या एका ग्रॅममध्येच २ मिलीग्रॅमच्या घरात आयोडिन असू शकतं, थायरॉइडवाल्यांनी हिवाळाभर रोज कोंबूचं सूप पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. हिजिकी या शेवाळात घातक प्रकारचं आर्सेनिक असतं म्हणून ब्रिटनमध्ये ते खाऊच नका असा सरकारी सल्ला आहे.

नोरीची नातलग पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस कोकण-गोव्याच्या खडकांवर उगवते, पण पावसाळ्यात.